वऱ्हाडी बोली : वणी परिसरातील नित्यवाक्ये व व्याकरण

वऱ्हाडी ही मराठीची एक प्रमुख बोली असून ती विदर्भाच्या पश्चिम व मध्य भागांत, मुख्यतः अमरावती, अकोला, वाशिम, यवतमाळ या जिल्ह्यांत आणि बुलढाणा जिल्ह्याच्या काही भागात बोलली जाते. पूर्वेस ती नागपुरी बोलीत हळूहळू मिसळत जाते. या दोहोंमध्ये काटेकोर सीमारेषा आखता येत नाही. यवतमाळ जिल्ह्याच्या पूर्व भागातील वणी हे तालुक्याचे ठिकाण अशाच संक्रमणपट्ट्यात येते. तेथील बोलीचा पाया वऱ्हाडीचा आहे. तथापि वर्धा नदीपलीकडील चंद्रपूर भागाशी असलेल्या नित्य संबंधामुळे नागपुरीची अनेक लक्षणे तीत आढळतात. एखाद्या बोलीचे व्याकरण नियमांच्या यादीपेक्षा दैनंदिन व्यवहारातील वाक्यांतून अधिक लवकर आकळते. प्रस्तुत नोंदीत वणी परिसरातील अशा वाक्यांच्या आधारे वऱ्हाडीच्या ध्वनींचा, रूपांचा व शब्दयोजनेचा परिचय करून दिला आहे.

प्रदेश व भाषिक परिस्थिती : वणी हे निर्गुडा नदीकाठी वसलेले आहे. तालुक्याच्या पूर्वेस वर्धा व दक्षिणेस पैनगंगा या नद्या असून त्यांचा संगम याच तालुक्यात होतो. पैनगंगेपलीकडे तेलंगणाचा आदिलाबाद भाग लागतो. ब्रिटिश अमदानीत वऱ्हाडच्या आग्नेयीकडील जिल्हा ‘वून’ म्हणजे वणी या नावाने ओळखला जाई. १९०५ पासून त्यास यवतमाळ हे नाव मिळाले. लोकनायक बापूजी अणे (१८८०–१९६८) यांचा जन्म वणी येथला. वणी, मारेगाव व झरी-जामणी या तालुक्यांत मराठीखेरीज कोलामी, गोंडी व तेलुगू या द्राविडी भाषा बोलणारे लोक पूर्वापार राहत आले आहेत. कोळशाच्या खाणींमुळे हिंदी बोलणाऱ्या कामगारांचीही येथे मोठी वस्ती झाली. त्यामुळे बाजारात, दवाखान्यात व शाळेत अनेक भाषा एकत्र येतात आणि त्यांच्यामधील समान माध्यम म्हणून बहुधा वऱ्हाडीच वापरली जाते. पुणे, कोल्हापूर किंवा कोकण येथून बदलून आलेल्या शिक्षकास, परिचारिकेस वा बँकेतील कर्मचाऱ्यास मराठी येत असूनही सुरुवातीस अडखळावयास होते, ते यामुळेच.

अभ्यासाचा इतिहास : वऱ्हाडच्या भूमीचा मराठी ग्रंथरचनेशी फार जुना संबंध आहे. तेराव्या शतकात म्हाइंभटाने संकलित केलेल्या लीळाचरित्रा चे कार्य रिद्धपूर (जि. अमरावती) येथे झाले. चक्रधरांच्या उठण्याबसण्यातील, प्रवासातील व जेवणाखाणातील प्रसंग त्यात लहान लहान संवादवाक्यांनी नोंदले आहेत. नित्याच्या बोलण्याला ग्रंथात स्थान देणारी ही परंपरा मराठी गद्याच्या आरंभीच सापडते.

बोलीचे आधुनिक पद्धतीने वर्णन प्रथम जॉर्ज अब्राहम ग्रीअर्सन (१८५१–१९४१) यांच्या संपादकत्वाखाली झालेल्या भारताच्या भाषिक सर्वेक्षणात मिळते. मराठी व तिच्या बोलींना वाहिलेला सातवा खंड १९०५ मध्ये प्रसिद्ध झाला. तो सिद्ध करण्याचे काम स्टेन कोनो (१८६७–१९४८) या नॉर्वेजियन संस्कृतज्ञाने केले होते. या सर्वेक्षणात प्रत्येक बोलीसाठी बायबलमधील उधळ्या पुत्राच्या कथेचे भाषांतर, एखादा स्थानिक उतारा आणि २४१ शब्द व वाक्ये यांची एक ठराविक यादी मिळविण्यात येई. यादीच्या अखेरच्या भागात तुझे नाव काय, हा घोडा किती वर्षांचा, तुझ्या बापाच्या घरी किती मुलगे आहेत, इथून काश्मीर किती दूर, अशा अर्थाची वाक्ये होती. काश्मीरचे अंतर विचारण्याचा प्रसंग वऱ्हाडातील शेतकऱ्यावर क्वचितच येत असेल. तथापि त्या एका वाक्यातून ‘इथून’ या अर्थाचे अव्यय, अंतरवाचक शब्द व प्रश्नरचना ही तिन्ही हाती येत. मोजक्या वाक्यांत व्याकरणाचे जास्तीत जास्त विशेष गोवण्याची ही पद्धत पुढील बोली-अभ्यासासही उपयुक्त ठरली. अलीकडे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या सहकार्याने २०१७ पासून मराठीच्या बोलींचे नवे सर्वेक्षण हाती घेतले. त्यात गावोगावच्या लोकांचे बोलणे ध्वनिमुद्रित करून रूपांचे प्रादेशिक वितरण तपासण्यात आले.

ध्वनिविचार : प्रमाण मराठी जाणणाऱ्याच्या कानाला प्रथम जाणवणारे भेद पुढीलप्रमाणे आहेत.

(१) मूर्धन्य ‘ण’ बोलीत बहुधा नाही. त्याच्या जागी ‘न’ येतो : पानी, कोन, दाना, लोनी.

(२) ‘ळ’ च्या जागी ‘य’ येतो : डोया (डोळा), काया (काळा), केय (केळ), शाया (शाळा), फय (फळ), गोयी (गोळी). त्यामुळे ‘पोया’ म्हणजे बैलांचा पोळा. आणखी पूर्वेकडील झाडी बोलीत याच ‘ळ’ चा ‘र’ होतो.

(३) शब्दारंभीचा ‘व’ हा इ, ई, ए या स्वरांपूर्वी टिकत नाही : ईस (वीस), इचार (विचार), येळ (वेळ).

(४) दोन स्वरांमधील ‘ह’ क्षीण होतो किंवा लोप पावतो : नाई (नाही), पायतो (पाहतो), राह्यला (राहिला).

हे बदल मन मानेल तसे होत नाहीत. ज्या परिस्थितीत ‘वीस’ चा ‘ईस’ होतो, त्याच परिस्थितीत ‘विचार’ चा ‘इचार’ होतो. परंतु ‘वावर’ या शब्दातील ‘व’ जसाच्या तसा राहतो, कारण त्याच्या पुढे ‘आ’ आहे. अशी नियमितता हे कोणत्याही भाषेचे लक्षण होय. बोली म्हणजे प्रमाणभाषेचा बिघाड, ही समजूत या कसोटीवर टिकत नाही.

नाम व सर्वनाम : वऱ्हाडीची सर्वांत ठळक खूण म्हणजे ‘ला’ च्या जागी येणारा ‘ले’ हा प्रत्यय. मले भूक लागली, त्याले बलाव, मी गावाले जातो, पोराले शायेत धाड. पश्चिमेकडे खानदेशातील अहिराणीतही ‘ले’ आढळतो. क्रियापदापासून हेतू दाखविण्यासाठीही हाच प्रत्यय लागतो : जेवाले बस (जेवायला बस), बाया निंदाले गेल्या (बायका निंदणीसाठी गेल्या), मामा भेटाले आला.

संबंधवाचक सर्वनामांत ‘झ’ च्या जागी ‘ह’ दिसतो : माहा भाऊ, माही माय, माहं घर, तुहा, तुही, तुहं. प्रश्नवाचकांत काहून किंवा काऊन (का, कशासाठी), कुठी (कुठे), कोन (कोण) ही रूपे येतात. ‘काय’ हे वऱ्हाडात सर्वत्र चालते. मात्र पूर्वेकडे त्याऐवजी नुसते ‘का’ ऐकू येते. ‘का करते?’ या वणीकडील प्रश्नाचा अर्थ ‘काय करतो?’ असा असून तो कारण विचारणारा नव्हे. कारण विचारावयाचे तर ‘काहून करते?’ असे म्हणावे लागते. नवख्या माणसाची चूक येथे हमखास होते.

क्रियापद : वर्तमानकाळात तृतीयपुरुषी एकवचनाचे रूप लिंगानुसार बदलत नाही. तो करते, ती करते, पोरगं करते. त्याचप्रमाणे पाऊस येते. ग्रामीण भागातील स्त्रिया ‘मी जातो’, ‘मी येतो’ असेही म्हणतात. द्वितीयपुरुषी एकवचनातील ‘स’ लोपतो. ‘तू जेवलास का?’ याऐवजी ‘तू जेवला का?’, ‘तू काय करतोस?’ याऐवजी ‘तू का करतं?’ किंवा ‘तू का करते?’ अशी वाक्ये येतात. ‘असणे’ या क्रियापदाची हावो, हाय, हायेत ही रूपे आढळतात : मी इथंच हावो; तो घरी हाय.

भविष्यकाळात ‘ल’ च्या जागी ‘न’ येतो. मी जाईन, तू जाशीन, तो जाईन, आमी जाऊ, तुमी जासान, ते जातीन, अशी ही रूपे चालतात. प्रथम व तृतीय पुरुषांची एकवचनी रूपे एकच झाल्यामुळे कर्ता गाळून चालत नाही. ‘उद्या येईन’ एवढ्यावरून मी येणार की तो येणार, हे संदर्भावाचून कळत नाही. ‘असेल’ चे ‘असन’ होते आणि ते अंदाज दर्शविण्यासाठी वारंवार वापरले जाते : बुडी वावरात गेली असन.

चालू क्रियेसाठी ‘-ऊन राह्यला’ अशी रचना आहे. तो जाऊन राह्यला (तो जात आहे), बाई सैपाक करून राह्यली, पाऊस येऊन राह्यला. तिचे हिंदीतील ‘जा रहा है’ या रचनेशी साम्य स्पष्ट आहे. प्रमाण मराठीत ‘-ऊन’ हे रूप आधी पूर्ण झालेल्या क्रियेचे द्योतक असते. त्यामुळे ‘तो जेवून राह्यला’ हे वाक्य ऐकून परगावच्या माणसास तो जेवण उरकून मुक्कामास राहिला, असे वाटण्याचा संभव असतो. प्रत्यक्षात त्याचे जेवण अद्याप चालू असते.

आज्ञार्थाची दोन रूपे हा या बोलीचा विशेष लक्ष देण्याजोगा भाग आहे. तत्काळ करावयाच्या कृतीसाठी कर, ये, जाय, घे ही रूपे वापरतात. तर पुढे केव्हातरी करावयाच्या कृतीसाठी करजो, येजो, जाजो, घेजो ही रूपे येतात. आदरार्थी किंवा अनेकवचनी रूपे करजा, येजा अशी होतात. ‘आता बस, मंग जाजो’ या छोट्या वाक्यात दोन्ही आज्ञार्थ शेजारी शेजारी आले आहेत. प्रमाण मराठीत हा भेद केवळ क्रियापदाच्या रूपाने दाखविता येत नाही. त्यासाठी ‘नंतर’, ‘उद्या’ असे शब्द जोडावे लागतात. निषेधासाठी ‘नोको’ वापरतात : जाऊ नोको.

असमर्थता व्यक्त करण्यासाठी कर्मणी वळणाची रचना करतात : माह्याच्यानं उठल्या जात नाई (मला उठवत नाही), बुड्याच्यानं चालल्या जात नाई. या रचनेतील धातुसाधिताचे ‘या’ कारान्त रूप इतके रुळलेले आहे की, ‘केले जाते’ याऐवजी ‘केल्या जाते’, ‘सांगितले गेले’ याऐवजी ‘सांगितल्या गेले’ असे प्रयोग विदर्भातील औपचारिक लेखनातही दिसून येतात.

संबोधने : वाक्य व्याकरणदृष्ट्या बिनचूक असूनही संबोधन चुकल्यास ऐकणाऱ्याचे मन दुखावते. वडीलधाऱ्या किंवा अपरिचित माणसाशी बोलताना ‘जी’ जोडतात : या जी, हो जी, कुठी चालले जी? स्त्रीला उद्देशून ‘वं’ येते : का वं माय? बरोबरीच्या किंवा लहान पुरुषास पूर्वेकडे ‘गा’ म्हणतात : ये गा, बस गा. ‘बे’ हे केवळ सलगीच्या मित्रांत शोभते. वडील माणसास उद्देशून ते वापरल्यास अपमान समजला जातो. अनोळखी पुरुषास ‘भाऊ’, वृद्धास ‘बाबा’ किंवा ‘दादाजी’, वृद्धेस ‘माय’ ही संबोधने सुरक्षित होत. ‘पोट्टा’ व ‘पोट्टी’ हे मुलगा व मुलगी या अर्थाचे शब्द घरात प्रेमाने वापरले जातात. तेच परक्याने दुसऱ्याच्या मुलासंबंधी वापरले, तर ते तुच्छतेचे वाटू शकतात.

काही नित्यवाक्ये : वर सांगितलेले विशेष पुढील वाक्यांत एकत्र आढळतील. कंसात प्रमाण मराठी रूप दिले आहे.

घर : कोन हाय बाहीर? (बाहेर कोण आहे?) या जी, बसा, पानी घ्या. (या, बसा, पाणी घ्या.) तुहं नाव का हाय? (तुझे नाव काय आहे?) जेवला का? नाई, आताच जेवाले बसून राह्यलो. (जेवलास का? नाही, आताच जेवायला बसत आहे.)

शेत : औंदा पाऊस मांगून आला, म्हनून पेरनी राह्यली. (यंदा पाऊस उशिरा आला, म्हणून पेरणी राहिली.) पऱ्हाटी डवरली का? (कपाशीत डवरा चालविला का?) पाऊस आला तं उद्या पेरू. (पाऊस आला तर उद्या पेरू.)

बाजार : जांब कसे देल्ले? (पेरू काय भावाने दिले?) पाव किलो भेदरं अन् थोडासा सांबार दे. (पाव किलो टोमॅटो आणि थोडी कोथिंबीर दे.) एवढं महाग नोको सांगू, भाऊ. (एवढा भाव सांगू नकोस.)

दवाखाना : मले रातीपासून ताप येऊन राह्यला. (मला रात्रीपासून ताप येत आहे.) पोराच्या डोयातून पानी येते. (मुलाच्या डोळ्यातून पाणी येते.) ही गोयी आता घे, दुसरी सांजी घेजो. (ही गोळी आता घे, दुसरी संध्याकाळी घे.)

शाळा : काल शायेत काहून आला नाई? (काल शाळेत का आला नाहीस?) बाबाले बरं नोतं, मी वावरात गेलतो. (बाबांना बरे नव्हते, मी शेतात गेलो होतो.)

शेवटच्या वाक्यातील ‘गेलतो’ हे ‘गेलो होतो’ याचे संक्षिप्त रूप आहे. आलता (आला होता), केलतं (केले होते) ही रूपे याच पद्धतीने सिद्ध होतात. ‘देल्ले’ यातील ‘ल’ चे द्वित्व हाही बोलीचा विशेष होय. तर, मग, आणि यांच्या जागी अनुक्रमे तं, मंग, अन् ही अव्यये येतात.

शब्दयोजना : परिचित दिसणारे परंतु भिन्न अर्थाचे शब्द शिकणाऱ्यास सर्वाधिक चकवितात. विदर्भात ‘सांबार’ म्हणजे कोथिंबीर. दाक्षिणात्य आमटीशी त्याचा संबंध नाही. ‘जांब’ म्हणजे पेरू, ‘आलू’ म्हणजे बटाटा, ‘फल्ली’ म्हणजे भुईमुगाची शेंग, ‘बरबटी’ म्हणजे चवळी. ‘गंज’ हा लोखंडावर चढणारा थर असतो, तसेच ते स्वयंपाकघरातील एक भांडेही असते.

अशी गफलत जगातील इतर निकटवर्ती भाषांतही होते. स्वीडिश भाषेत ‘रूलिग्’ या विशेषणाचा अर्थ ‘मौजेचा’ असा आहे. त्याच लेखनाचा शब्द शेजारच्या नॉर्वेजियन व डॅनिश भाषांत ‘शांत’ या अर्थी वापरतात. या तिन्ही भाषांचे बोलणारे एकमेकांचे बोलणे बऱ्याच अंशी समजू शकतात, तरी त्या स्वतंत्र भाषा मानल्या जातात, कारण त्यांच्यामागे स्वतंत्र राज्ये, शाळा व कोश उभे आहेत. भाषा व बोली यांतील भेद केवळ भाषिक अंतरावर ठरत नाही, हे यावरून लक्षात येते.

वऱ्हाडीची खरी समृद्धी कृषिजीवनाच्या शब्दांत आहे. शेताला वावर, बांधाला धुरा, कपाशीच्या झाडाला पऱ्हाटी, तिच्या फळाला बोंड म्हणतात. दोन ओळींतील तण काढण्यासाठी बैलांकरवी चालवावयाचे अवजार म्हणजे डवरा. त्यावरून ‘डवरणे’ हे क्रियापद बनले. मृग नक्षत्रास मिर्ग, संततधार पावसास झडी, बैलगाडीस बंडी म्हणतात. कापसाच्या पहिल्या वेचणीच्या वेळी शेतात करावयाच्या पूजाविधीस ‘सीतादही’ असे नाव आहे. तर हंगामाच्या अखेरीस वेचण्याजोगा कापूस संपल्याच्या स्थितीस ‘उलंगवाडी’ म्हणतात. ‘औंदा दिवाईतच उलंगवाडी झाली’ या वाक्यात कुटुंबाचे वर्षभराचे उत्पन्न दिवाळीतच आटोपल्याची वार्ता असते. पिकाची पाहणी करण्यास आलेल्या अधिकाऱ्यास हा एक शब्द कळला नाही, तर त्या वाक्यातील मुख्य माहितीच निसटते.

साहित्य : संत गाडगेबाबा (१८७६–१९५६) यांची कीर्तने वऱ्हाडी बोलीत होत. श्रोत्यांना साधे प्रश्न विचारून त्यांच्याकडूनच उत्तर वदवून घेण्याची त्यांची पद्धत होती. नित्याच्या प्रश्नोत्तरांतून समाजप्रबोधन करण्याचे बोलीचे सामर्थ्य तीतून प्रकट झाले. उद्धव शेळके यांच्या धग (१९६०) या कादंबरीतील संवाद वऱ्हाडीत आहेत, तर विठ्ठल वाघ यांच्या काव्यामुळे ही बोली विदर्भाबाहेरील श्रोत्यांपर्यंत पोहोचली.

वाक्यांद्वारे भाषाशिक्षण : सुटे शब्द व रूपावली पाठ करण्याऐवजी अर्थपूर्ण वाक्यांपासून आरंभ करावा, हा विचार एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात यूरोपात बळावला. डॅनिश भाषावैज्ञानिक ऑटो येस्पर्सन (१८६०–१९४३) यांनी परभाषेच्या अध्यापनावरील आपल्या ग्रंथात (इंग्रजी आवृत्ती १९०४) त्याचा पुरस्कार केला. स्वीडनमध्ये बाहेरून येऊन स्थायिक होणाऱ्यांना स्वीडिश शिकविण्याची विनाशुल्क सोय १९६५ पासून आहे. नोकरी वा शिक्षण यांसाठी तेथे गेलेल्या मराठी कुटुंबांनाही अशा वर्गांत बाजार, दवाखाना, घर यांविषयीच्या वाक्यांपासूनच सुरुवात करावी लागते. स्वीडिशमध्ये ‘मी घरी जातो’ हे ‘याग् गोर हेम्’ असे होते. परंतु वाक्याच्या आरंभी ‘आज’ आल्यास क्रियापद कर्त्याच्या आधी येते : ‘इदाग् गोर याग् हेम्’, म्हणजे शब्दशः ‘आज जातो मी घरी’. विधानवाक्यात क्रियापद दुसऱ्या स्थानी असावे, हा नियम व्याकरणात एका ओळीत मावतो. बोलताना तो आपोआप पाळला जाण्यासाठी मात्र अशी वाक्ये पुनःपुन्हा उच्चारावी लागतात.

वऱ्हाडी शिकताना शब्दक्रमाची अशी अडचण येत नाही, कारण तो प्रमाण मराठीसारखाच आहे. येथे अडचण निराळी आहे. ऐकणाऱ्यास सर्व काही समजले असे वाटते आणि त्यामुळे तो पुन्हा विचारत नाही. ‘का करते?’, ‘जेवून राह्यला’, ‘घेजो’, ‘सांबार’ ही उदाहरणे या प्रकारची आहेत. ‘दुसरी गोयी घेजो’ असे परिचारिकेने सांगितले, तर रुग्णास ती नंतर घ्यावयाची आहे, हे क्रियापदावरूनच कळते. ‘घे’ म्हटल्यास तो दोन्ही गोळ्या एकदम घेण्याचा संभव असतो. म्हणून नवागताने प्रत्येक नवे रूप पूर्ण वाक्यासह टिपून ठेवावे आणि ते वाक्य कोणी, कोणास व कोणत्या प्रसंगी म्हटले, याचीही नोंद करावी, हे श्रेयस्कर होय.

शाळा व बोली : बोलीच्या ज्ञानाची सर्वांत मोठी गरज प्राथमिक शाळेत भासते. वणी परिसरातील मूल शाळेत येते, तेव्हा त्याच्या जिभेवर ‘ण’ नसतो. ‘पाणी’ हा शब्द ते ‘पानी’ असा लिहिते, कारण ते ऐकतेही तसेच. ही त्याची निष्काळजी नसून त्याच्या ध्वनिव्यवस्थेचा परिणाम असतो. ‘न’ व ‘ण’ यांतील भेद त्याला प्रत्येक शब्दाबरोबर वेगळा शिकावा लागतो. ‘डोया’ व ‘पाया’ या दोन शब्दांत त्याच्या कानाला ‘य’ हा एकच ध्वनी ऐकू येतो; लिहिताना मात्र पहिल्यात ‘ळ’ व दुसऱ्यात ‘य’ योजावा लागतो. शिक्षकास हे ठाऊक असल्यास तो अशा शब्दांच्या जोड्या करून नेमका सराव देऊ शकतो. ठाऊक नसल्यास वहीवर लाल रेघा तेवढ्या वाढतात. वारंवार ‘अशुद्ध बोलतोस’ असे ऐकणारे मूल वर्गात बोलणेच टाळू लागते आणि भाषा तर बोलल्यावाचून येत नाही. घरातील वाक्य चूक न ठरविता त्याच्या शेजारी प्रमाण वाक्य ठेवणे व कोणत्या प्रसंगी कोणते वापरावे हे सांगणे, हा मार्ग अधिक फलदायी ठरतो.

कोलाम मुलांची स्थिती याहून बिकट असते. कोलामी ही मध्य-द्राविडी गटातील भाषा असून मराठीशी तिचे कूळनाते नाही. वर्धा भागातील तिच्या बोलीवर आधारलेले मरी बी. एमेनो यांचे वर्णनात्मक व्याकरण १९५५ मध्ये प्रसिद्ध झाले. २०११ च्या जनगणनेत देशातील सुमारे १ लाख २८ हजार लोकांनी कोलामी ही मातृभाषा नोंदविली. कातकरी व माडिया गोंड यांच्याबरोबर कोलाम ही महाराष्ट्रातील विशेष असुरक्षित आदिवासी समूहांत गणली जाणारी जमात आहे. कोलाम मुलास वऱ्हाडी ही दुसरी आणि पाठ्यपुस्तकातील मराठी ही तिसरी पायरी असते. मधली पायरी वगळून त्याला एकदम तिसरीवर उभे केल्यास त्याचा तोल जाणे स्वाभाविक आहे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम, २००९ यात शिक्षणाचे माध्यम व्यवहार्य असेल तेथवर मुलाची मातृभाषा असावे, असे म्हटले आहे. ही तरतूद अमलात येण्यासाठी शिक्षकाजवळ निदान शंभर-दोनशे नित्यवाक्ये कोलामी, वऱ्हाडी व प्रमाण मराठी अशा तीन स्तंभांत लिहिलेली असणे उपयोगाचे होईल. अशी वाक्ये गावातील वृद्धांकडून मिळविता येतात आणि त्यासाठी लागणारी साधने अल्प आहेत.

सद्यःस्थिती : शिक्षण, दूरचित्रवाणी, भ्रमणध्वनी व स्थलांतर यांमुळे वऱ्हाडीची काही रूपे मागे पडत आहेत. शहरी तरुण ‘मले’ व ‘मला’ ही दोन्ही रूपे प्रसंगानुसार वापरतात. यांत्रिक शेतीमुळे बंडी, डवरा यांसारख्या वस्तू जसजशा कमी होत जातात, तसतसे त्यांच्याभोवतीचे शब्दही विरळ होतात. याउलट ‘-ऊन राह्यला’ ही रचना व ‘ले’ हा प्रत्यय चिवटपणे टिकून आहेत. मराठीस ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला. त्या भाषेच्या प्राचीन गद्याचा महत्त्वाचा भाग वऱ्हाडात घडला असल्याने तेथील आजच्या बोलीची वाक्ये, म्हणी व कृषिशब्द यांचे पद्धतशीर संकलन करणे हे मराठीच्या अभ्यासाचे एक आवश्यक अंग ठरते.